वीस दिवसांचं नाक: सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी केलेल्या प्रवासाचा इतिहास आणि त्याचा लपलेला खर्च



मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या टेबलापाशी एक तरुणी भेटली. मूळची पुण्याची, आता लंडनला नोकरी करते, सुट्टीत घरी आलेली. म्हणाली, "सर, परत गेल्यावर मी इस्तंबूलला जाणार आहे. फिरायला नाही, नाकाचं ऑपरेशन करून घ्यायला. लंडनमध्ये परवडत नाही." तिनं फोनवर पॅकेज दाखवलं. ऑपरेशन, चांगलं हॉटेल, विमानतळावरून न्यायला गाडी, दुभाषी, सगळं एका रकमेत. रजा दहा दिवसांची. घरी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मग तिनं विचारलं, "तुम्ही इतिहासवाले. लोक नाकासाठी पूर्वीही प्रवास करायचेच ना? मग आता एवढी काळजी कशाची?"

प्रश्न चांगला होता आणि मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे ते राहिलेलं उत्तर आहे असं समजा. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुणी काय करून घ्यावं हे मी सांगणार नाही. पण जुने कागद वाचणाऱ्याला एक गोष्ट दिसते. नाकासाठी प्रवास करणं जुनंच आहे. त्या प्रवासाचा हिशेब मांडायची पद्धत मात्र बदलली आहे, आणि जुन्या हिशेबातली एक ओळ नव्या बिलात सापडत नाही. ती ओळ कुठली, ते बघू.

कावसजीचं नाक

सुरुवात आपल्याच गावापासून करतो. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आलं. खाली फक्त 'बी. एल.' अशी सही. त्यात कावसजी नावाच्या माणसाची हकिकत आहे. नाव ऐकून आपल्याला पारशी वाटेल, पण पत्रात त्याला मराठा, शेतकरी जातीचा म्हटलं आहे. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत तो इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकायच्या कामावर होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं आणि त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे तो कंपनीच्या मुंबईच्या फौजेत आला आणि त्याला पेन्शन मिळू लागली. वर्षभराहून जास्त काळ तो नाकाशिवाय राहिला. नंतर पुण्याजवळ एका माणसानं त्याला नवं नाक लावलं.

हा माणूस कोण? पत्रात त्याची जात दिली आहे, विटा पाडणाऱ्याची. बरेच अभ्यासक त्याला कुंभार समजतात. नाव दिलेलं नाही. कावसजीचं नाव आहे. मुंबई इलाख्यातले टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज शल्यवैद्यांनी अशी शस्त्रक्रिया पाहिली, त्यांची नावं आहेत. कावसजीचं चित्र जेम्स वेल्सनं काढलं, सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचं चित्र काढणारा तोच हा वेल्स. सगळ्यांची नावं आहेत. ज्याच्या हातानं नाक उभं राहिलं, तोच तेवढा निनावी.

शस्त्रक्रियेचं वर्णन मात्र इतकं बारीक आहे की वाचताना ती डोळ्यांसमोर उभी राहते. आधी मेणाचा पातळ पत्रा घेऊन तुटक्या नाकावर बसवायचा, हव्या त्या नाकाचा आकार करायचा. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, पण पूर्ण नाही. दोन डोळ्यांच्या मधोमध एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहतं. कातडी खाली वळवून जुन्या नाकाच्या जागी बसवायची. सांधा धरून ठेवायला काय, तर कात! आपला पानात घालायचा कात. पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर लावायचा आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या.

जखमेचे दिवस

आता यातले दिवस मोजा, कारण आजचा आपला विषय दिवसांचा आहे. चार दिवस काताच्या पट्ट्या. त्यानंतर त्या काढून तुपात भिजवलेली कापडं. पहिले पाच-सहा दिवस रुग्णानं उताणंच पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे तुकडे घालायचे. आणि ती डोळ्यांमधली पट्टी कधी कापायची? साधारण विसाव्या दिवशी. तेव्हाच नाकाला शेवटचा आकार द्यायचा.

म्हणजे हा कारागीर रुग्णाला वीस दिवस सोडत नव्हता. चौथा दिवस त्याचा, दहावा त्याचा आणि विसावाही त्याचाच. पट्ट्या बदलणं, तूप लावणं, नाकपुड्या उघड्या ठेवणं ही कामं शस्त्रक्रियेनंतरची नव्हती, ती शस्त्रक्रियाच होती. विसाव्या दिवसाआधी रुग्ण उठून गेला असता तर काम अर्धवट राहिलं असतं आणि त्याच्या कपाळावरची कातडी नाकाच्या बाजूला तशीच लोंबत राहिली असती. या पद्धतीत लवकर निघून जायची सोयच नव्हती.

ही समज फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची कृती आहे. तिथे मेणाऐवजी झाडाच्या पानानं माप घ्यायला सांगितलं आहे आणि कातडी गालाची घ्यायला. हे आपण अभिमानानं सांगतो, शाळेच्या पुस्तकांतही असतं. पण त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात पुढे एकोणिसावा अध्याय आहे, व्रणितोपासनीय. जखमी माणसाची देखभाल कशी करावी, याला एक अख्खा अध्याय दिला आहे! त्याच्यासाठी आधी चांगलं घर बघा. स्वच्छ, ऊन-वारा थेट न लागणारं. बिछाना ऐसपैस हवा. जवळ गोड बोलणारी जिवाभावाची माणसं हवीत, गोष्टी सांगून मन रमवणारी. उठताना, बसताना, कुशीवर वळताना जखम जपा. चालणं, वाहनातून जाणं, फार बोलणं टाळा, अंगात ताकद असली तरीही.

वाहनातून जाणं टाळा. हे वाक्य लक्षात ठेवा, आपण शेवटी तिथेच येणार आहोत.

त्रोपेआचं घर

पण हे झालं आपल्याकडचं. आणि कावसजी काही सौंदर्यासाठी गेला नव्हता, त्याला शिक्षा म्हणून विद्रूप केलेलं होतं. तुम्ही म्हणाल, त्याचा आणि आजच्या ब्यूटी क्लिनिकचा संबंध काय? संबंध आहे. तुटलेलं नाक परत लावणं आणि असलेलं नाक सुबक करणं हे एकाच रस्त्यावरचे दोन मुक्काम आहेत. पहिल्यातली हातोटी दुसऱ्यात उतरली. आणि दोन्हींत माणूस एकाच कारणानं घराबाहेर पडतो: लोकांनी आपल्या चेहऱ्याकडे वळून बघू नये म्हणून.

युरोपात पंधराव्या शतकात सिसिलीतल्या कातानिया गावी ब्रांका नावाचं घराणं नाकं लावायचं. त्यानंतर सोळाव्या शतकात इटलीच्या अगदी टोकाला, त्रोपेआ गावात व्हिआनेओ घराणं. विद्या घरातली, बापाकडून मुलाकडे. बाहेरच्याला दाखवायची नाही. १५४९ मध्ये लिओनार्दो फिओरावान्ती नावाचा एक खटपट्या वैद्य तिथे गेला. आपल्या एका नातेवाइकाचं नाक लढाईत गेलंय, त्याला पाठवायच्या आधी बघून घेतो, अशी थाप त्यानं मारली आणि रोज त्यांच्या घरी जाऊन बसायला लागला. त्यानं लिहून ठेवलंय की त्या वेळी तिथे पाच जण नाकं दुरुस्त करून घेत होते.

'घरी' या शब्दाकडे बघा. रुग्ण त्या घराच्या आसऱ्यानं राहायचे. आमच्या कांगड्यातही, म्हणजे आजच्या हिमाचलात, नाक-कान जोडणाऱ्या वैद्यांची घराणी होती आणि लांबलांबून लोक तिथे यायचे. अशा ठिकाणी प्रवासाचा अर्थ जाऊन राहणं असाच होता.

पुढे बोलोन्याच्या गास्पारे तालियाकोत्सीनं १५९७ मध्ये या विद्येवर मोठा ग्रंथ छापला. त्याची पद्धत दंडाच्या कातडीची. दंडावरची कातडी अर्धी सोडवायची, नाकाला शिवायची आणि हात डोक्याला बांधून टाकायचा. चामड्याच्या, कापडाच्या पट्ट्यांचा एक झगाच शिवलेला असायचा त्यासाठी. किती दिवस? पुन्हा तेच, वीसएक दिवस. तळहात डोक्यावर, दंड नाकाशी. त्या अवस्थेत कोण जेवण भरवणार? कोण अंघोळ घालणार? ग्रंथातल्या चित्रांत तो माणूस एकटा बसलेला दिसतो. प्रत्यक्षात तो एकटा असणं शक्यच नाही. त्याच्यामागे कुणीतरी बाई, कुणीतरी नोकर वीस दिवस राबत असणार. इतिहासाच्या कागदांत त्यांची नोंद नसते. लपलेला खर्च म्हणतो तो इथपासून सुरू होतो, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या अंगावर पडतो.

पद्धत लंडनला गेली

कावसजीच्या पत्राकडे परत येऊ. ते वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू नावाच्या शल्यवैद्याच्या डोक्यात किडा शिरला. त्यानं बरीच वर्षं वाट पाहिली, मृतदेहांवर सराव केला, हिंदुस्थानातून आलेल्या लोकांकडे चौकश्या केल्या आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी पहिली शस्त्रक्रिया केली. १८१६ मध्ये त्यानं दोन यशस्वी शस्त्रक्रियांवर पुस्तक काढलं. १८१८ मध्ये बर्लिनच्या ग्रेफेनं आपल्या पुस्तकाला 'रिनोप्लास्टिक' हे नाव दिलं आणि तिथून 'प्लास्टिक' हा शब्द या शाखेला चिकटला.

आपल्याकडे ही गोष्ट 'बघा, साहेबानं आमच्याकडून घेतलं' इथे संपते. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. कार्प्यूनं आपल्या रुग्णाला पुण्याला पाठवलं नाही, त्यानं पद्धत लंडनला आणली. रुग्ण घराजवळ राहिला आणि त्याच्यावर नजर ठेवणारा वैद्यही जवळच राहिला. पुढची शंभर-दीडशे वर्षं ही विद्या साधारण अशीच पसरली. माणसं शिकून आली, रुग्णालयं उघडली, विद्या रुग्णाकडे चालत गेली.

पहिल्या महायुद्धात तिचा कस लागला. इंग्लंडात सिडकप गावी १९१७ मध्ये हॅरल्ड गिलीज यांच्या कामासाठी क्वीन्स हॉस्पिटल उघडलं. पाच हजारांवर सैनिक, अकरा हजारांवर शस्त्रक्रिया. भागाकार करा: एका चेहऱ्याला सरासरी दोनाहून जास्त वेळा सुरी लागली. मध्ये जखम भरायला आठवडे, महिने. सैनिक तिथेच राहायचे, गावात फिरायला जायचे. रुग्णालयाकडच्या रस्त्यावर काही बाकं निळ्या रंगानं रंगवली होती. इथे बसलेल्या माणसाचा चेहरा बघून दचकू नका, ही गावकऱ्यांना सूचना.

त्या बाकांचं दुःख मोठं आहे. पण हिशेबाच्या नजरेनं बघा. एका गावानं, एका सरकारनं त्या माणसांचा बरं होण्याचा वेळ आपल्या वहीत लिहून घेतला होता. बाक रंगवायचा खर्चसुद्धा कुणीतरी केला होता.

दिशा कशी बदलली

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिशा बदलली. आधी श्रीमंतांची. ब्राझीलमध्ये रिओला इव्हो पितांगी हे मोठे नाव. १९६१ च्या डिसेंबरमध्ये निटेरॉय गावात सर्कशीच्या तंबूला भीषण आग लागली, तेव्हा भाजलेल्यांवर त्यांनी उपचार केले. गरिबांसाठी त्यांनी धर्मादाय वॉर्ड चालवला आणि त्याच वेळी जगभरचे धनिक त्यांच्या खासगी दवाखान्यात येऊ लागले. हे लोक त्यांच्या नावासाठी यायचे, स्वस्त मिळतं म्हणून नव्हे. त्यांच्याकडे वेळही होता आणि पैसाही, आणि बरं होईपर्यंत समुद्रकिनारी राहणं त्यांना परवडायचं.

मग विमानाची तिकिटं स्वस्त झाली आणि इंटरनेट आलं. १९७० च्या दशकात इटली आणि फ्रान्समध्ये चरबी शोषून काढण्याचं तंत्र, म्हणजे लायपोसक्शन, तयार झालं होतं, ते जगभर पोचलं. सरकारांनाही यात परकीय चलन दिसू लागलं. आपल्याकडच्या २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात परदेशी रुग्णांवरच्या उपचारांना निर्यातीसारखं मानावं, असं आहे. उपचारांची निर्यात! कांदा, कापूस आणि गुडघा. मी थट्टा करत नाही, त्यातून रोजगार आला, चांगली रुग्णालयं उभी राहिली. पण निर्यातीचा माल बंदरातून सुटला की विकणाऱ्याचं काम बहुतेक संपतं. जखमेचं तसं नसतं.

पूर्वीचा प्रवासी जिथे विद्या होती तिथे जायचा, कारण ती दुसरीकडे नव्हती. आजचा प्रवासी बहुतेक वेळा जिथे दर कमी आहे तिथे जातो. विद्या त्याच्या स्वतःच्या शहरातही असते. दर कमी असण्याची काही कारणं अगदी सरळ आहेत: पगार कमी, जागेचं भाडं कमी, चलनाचा भाव कमी. त्यात फसवणूक काही नाही. पण दराचा एक भाग या सरळ कारणांनी कमी होत नाही. तो कमी होतो, कारण काही दिवस हिशेबातून काढून टाकलेले असतात.

पॅकेजमध्ये न लिहिलेलं

अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, सीडीसी, प्रवाशांना सांगते की छातीवर किंवा पोटावर शस्त्रक्रिया झाली असेल तर निदान दहा दिवस विमानात बसू नका. चेहऱ्याच्या, पापण्यांच्या, नाकाच्या कामानंतर सात ते दहा दिवस थांबा. कारण साधं आहे. शस्त्रक्रियेनंतर रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. विमानात तासन् तास पाय न हलवता बसल्यानं तो वेगळा वाढतो. दोन्ही एकत्र आले की बेरीज होते. सुश्रुतसंहितेतलं 'वाहनातून जाणं टाळा' आठवलं? कारणं वेगळी असतील, पण शहाणपण त्याच जातीचं आहे.

आता त्या मुलीची दहा दिवसांची रजा बघा. त्यात जाणं, तपासण्या, ऑपरेशन, येणं, आणि सोमवारी कामावर हजर. कॅलेंडरच सांगतं की काहीतरी बसत नाही.

डोमिनिकन रिपब्लिकचं उदाहरण सगळ्यांत नीट नोंदलेलं आहे. अमेरिकेतून, विशेषतः ज्यांची मुळं त्या देशात आहेत अशा स्त्रिया, पोटाच्या आणि नितंबांच्या शस्त्रक्रियांसाठी तिथे जातात. २००९ ते २०२२ या काळात अशा शस्त्रक्रियांनंतर तिथे ९३ अमेरिकी नागरिकांचा मृत्यू झाल्याची नोंद सीडीसीनं प्रसिद्ध केली. २०१८ पर्यंत वर्षाला सरासरी चार, आणि २०१९ नंतर वर्षाला तेरा. ज्यांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या, त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत चरबीचा कण किंवा रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकली होती. अनेकींनी एकाच वेळी दोन-तीन शस्त्रक्रिया करून घेतल्या होत्या. का? कारण आलोच आहोत इतक्या लांब, तर एकदमच उरकून घेऊ. हा हिशेब आपल्याला ओळखीचा आहे. तिकीट काढलंय ना, मग दोन्ही कामं करूनच येऊ. पण शरीराला तिकिटाचे पैसे वाचलेले कळत नाहीत.

जाणाऱ्या हजारोंपैकी पुष्कळ जणी नीट परत येतात, हेही खरं. पण जे बिघडतं ते कधी बिघडतं, हे बघा. त्याच देशात शस्त्रक्रिया करून २००३-०४ मध्ये परतलेल्या काही स्त्रियांच्या जखमा भरेनात. तपासल्यावर मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस हा जंतू सापडला. हा हळू वाढणाऱ्या आजाराचा जंतू आहे. जखम वरून बरी दिसते, आठवडे जातात आणि मग गाठी येतात, पू येतो. साध्या प्रतिजैविकांना तो दाद देत नाही, औषधं महिनोन् महिने चालतात. आणि हे सगळं कुठे होतं? घरी. जिथे ऑपरेशन केलेला डॉक्टर नाही, जिथल्या डॉक्टरकडे कागद नाहीत आणि असले तर ते दुसऱ्या भाषेत.

२०२३ मध्ये टेक्सासच्या सीमेलगत, मेक्सिकोतल्या माटामोरोस शहरात आणखी वाईट घडलं. दोन दवाखान्यांत लायपोसक्शन वगैरेंसाठी पाठीच्या कण्यात भुलीचं इंजेक्शन दिलं गेलं, आणि त्यातून फ्युझेरियम नावाची बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत गेली. मे महिन्यात दवाखाने बंद झाले, पण तोवर जानेवारीपासूनचे रुग्ण आपापल्या राज्यांत पांगलेले होते. आरोग्य खातं एकेकाला शोधून सांगत होतं की काही त्रास नसला तरी येऊन तपासून घ्या. डोकेदुखी सुरू व्हायला आठवडे लागत होते. अनेक जण दगावले.

म्हणजे पुण्याच्या त्या कारागिराच्या भाषेत सांगायचं तर गोष्ट विसाव्या दिवशी ठरते. आजच्या प्रवासात विसाव्या दिवशी रुग्ण एका देशात असतो आणि त्याचा शल्यवैद्य दुसऱ्या.

मग विसावा दिवस कुणाचा?

हा प्रश्न नीट विचारला की लपलेला खर्च आपोआप दिसायला लागतो.

पहिला वाटा घरच्यांचा. ड्रेसिंग बदलणारी बहीण, रजा काढणारी आई. तालियाकोत्सीच्या चित्राबाहेर राहिलेली माणसं ती हीच.

दुसरा वाटा आपल्या गावच्या डॉक्टरचा आणि आपल्या देशाच्या तिजोरीचा. ब्रिटनमध्ये परदेशातून बिघडून आलेली जखम शेवटी सरकारी आरोग्यसेवेच्या दारात येते. जंतुसंसर्ग झालेल्या माणसाला तुम्ही परत पाठवू शकत नाही, पाठवूही नये. म्हणजे एका देशातल्या दवाखान्यानं जी सूट दिली, तिची रक्कम दुसऱ्या देशातला करदाता भरतो.

तिसरा वाटा न्यायाचा. आपल्याकडे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २०१९ च्या नव्या कायद्यानं तर तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडेही तक्रार करायची सोय दिली. घराजवळ चूक झाली तर निदान ठोठवायला दार आहे. परदेशातल्या दवाखान्याविरुद्ध लढायचं तर तिथला वकील, तिथली भाषा, तिथल्या तारखा. पॅकेजमध्ये दुभाषी असतो, पण तो ऑपरेशनपुरता.

आणि चौथा वाटा गुपिताचा. हा मला सगळ्यांत जड वाटतो. लांब जाण्याचं एक कारण हेही असतं की कुणाला कळू नये. सोळाव्या शतकात नाक गेलेल्या माणसाकडे लोक संशयानं बघायचे, कारण उपदंशानंही नाक जायचं. आज लाज वेगळी आहे, पण आहे. माणूस सुट्टीवर गेला असं सांगून जातो. मग ताप आला, जखम लाल झाली, तर सांगायचं कुणाला? सांगितलं तर खोटं उघडं पडतं. म्हणून तो दोन दिवस थांबतो, फोनवर त्या दवाखान्याला फोटो पाठवतो, 'नॉर्मल आहे' असं उत्तर येतं, आणखी दोन दिवस थांबतो. सुश्रुतानं सांगितलेली गोड बोलणारी जिवाभावाची माणसं त्यानं स्वतःच दूर ठेवलेली असतात.

आपण परदेशाबद्दल बोलतोय म्हणून निर्धास्त होऊ नका. तालुक्यातून शहरात, एका दिवसात केस लावून रात्रीच्या बसनं परत, हाही प्रवासच आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाला लेखी सांगावं लागलं की कार्यशाळा बघून किंवा यूट्यूबवर बघून केशरोपण शिकता येत नाही. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. टाके घालणारा हात आणि टाक्यांवर लक्ष ठेवणारा डोळा यांच्यात किती अंतर आहे, ते मोजा.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. लोक पूर्वीही प्रवास करायचे, हे बरोबर. पण ते जाऊन राहायचे. त्यांचा खर्च जास्त दिसतो, कारण तो सगळा एका जागी लिहिलेला होता: वीस दिवसांचं राहणं, कात, तूप, कापड आणि रोज येऊन बघणारा माणूस. आपला खर्च कमी दिसतो, कारण त्यातला निम्मा दुसऱ्यांच्या वह्यांत लिहिला जातो.

जायचं की नाही, हे मी तिला सांगितलं नाही, आजही सांगत नाही. चेहरा तिचा आहे. नंतर तिला एक निरोप मात्र पाठवला. पॅकेजवाल्यांना एकच प्रश्न विचार: विसाव्या दिवशी माझं नाक कोण बघणार, त्याचं नाव काय आणि तो कुठे बसतो? नाव आणि पत्ता मिळाला तर पुढे बोल. आणि घरी निदान एका माणसाला सांगून जा.

तिचं उत्तर आलं. रजा वाढवून मिळते का ते बघतेय, आणि आईला सांगितलंय. आई चिडली आहे, पण बरोबर येते म्हणाली.

पुण्याच्या त्या विटा पाडणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला कधी कळेल असं वाटत नाही. पण तो विसाव्या दिवशी तिथे होता, एवढं कागदावरून नक्की सांगता येतं.